तीन रेघांचा दात

लग्नाच्या पंगतीत बसलो की माझं लक्ष पानापेक्षा समोरच्यांच्या तोंडाकडे जास्त असतं. कोण कुठल्या बाजूनं चावतोय, कोण जिलेबी नुसती चोखतोय, कोणाची वरची कवळी पापड मोडताना हलतेय, हे मला लांबून दिसतं. बायको कोपर मारते आणि म्हणते, "लोकांच्या तोंडाकडं असं टक लावून नका बघू, येडं म्हणतील." आता तिला काय सांगू? बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पंगतीत दोन-चार तोंडं तरी माझ्या दातांनी जेवत असतात.

मी डेंटल मेकॅनिक. अंबाजोगाईत चाळीस वर्षं हेच केलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, कवळी डॉक्टर बनवतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात. ते माप एका चिठ्ठीसह आमच्यासारख्याच्या लॅबमध्ये येतं. आम्ही त्यात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढतो, साच्यावर मेण लावतो, मेणात एकेक दात बसवतो आणि सगळं जुळलं की मेणाच्या जागी ते गुलाबी प्लास्टिक भरून उकळत्या पाण्यात शिजवतो. मग घासायचं, चकाकी आणायची, डबीत घालून पाठवून द्यायचं. एकच दात करायचा असेल तर तो आधी मेणात कोरून काढतात. खरं कसब त्या कोरण्यात असतं. वरच्या दाढेला चार उंचवटे असतात, त्यांच्यामधून बारीक ओहोळ जातात, आणि एक उंचवटा जरा कमी-जास्त झाला तर माणसाचा घास अडतो.

लॅब म्हटलं की लोकांना पांढरी फरशी आणि काचेची कपाटं दिसतात. माझी लॅब म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल, एक गॅसची शेगडी आणि सगळ्या वस्तूंवर बसलेली प्लास्टरची पांढरी भुकटी. या चाळीस वर्षांत मी डॉक्टरांच्या दवाखान्यात शेकडो वेळा गेलो, पण नेहमी मागच्या दारानं. काम कंपाउंडरच्या हातात द्यायचं आणि परत यायचं. मी केलेला दात डॉक्टर तोंडात बसवताना मी कधी पाहिला नव्हता. पेशंटला माझं नाव ठाऊक नसायचं, आणि ते असावं असा रिवाजही नव्हता.

म्हणून मी एक खोड लावून घेतली. सुरुवातीच्या काळात एका डॉक्टरांनी मोडकी कवळी परत पाठवली होती, "तुमचंच काम" म्हणून. ती माझी नव्हती, पण सिद्ध कसं करणार? त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक कामावर सुईनं तीन बारीक आडव्या रेघा ओढू लागलो. आम्ही शिवाची माणसं, कपाळावर भस्माच्या तीन रेघा लहानपणापासूनच्या. तेच चिन्ह कवळीला, शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या बाजूला, जिथं जीभही पोचत नाही अशा जागी. डॉक्टरांना कधी दिसलं नाही, पेशंटला कधी टोचलं नाही. हाताला तर अशी सवय लागली की सरावासाठी कोरलेल्या मेणाच्या दाताच्या बुडाशीसुद्धा तीन रेघा आपोआप उमटायच्या. कारण भांडणाचं होतं, पण खरं सांगायचं तर पुढे पुढे त्यात माझी घमेंडच होती.

या धंद्यात माणसं भेटत नाहीत, तरी काही जण शोधत येतातच. धर्मापुरीचे एक आजोबा कंपाउंडरकडून पत्ता काढून थेट लॅबवर आले होते. डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "माजा म्होरचा एक दात वाकडा हुता. तुमी सरळ केलाय. परत वाकडा करा."

"कावून हो? सरळ चांगला दिसतोय की."

"म्हातारी म्हनती, ह्यो कोन आलाय घरात."

मी तो दात वाकडा बसवून दिला. डॉक्टर माझ्यावर तापले, चांगलं काम बिघडवलं म्हणाले. आजोबांनी मात्र ती कवळी शेवटपर्यंत वापरली. लिंबागणेशच्या एका भजनीबुवांचं उलटं होतं. दात दिसायला झकास, पण "स" म्हटला की शिट्टी वाजायची. बुवांनी माझ्यासमोर उभं राहून गणपतीची अख्खी आरती म्हटली आणि मी प्रत्येक "सुखकर्ता"ला दाताची मागची बाजू घासत गेलो. ही माणसं आठवली की आजही बरं वाटतं. पण मला ज्या पोरीबद्दल लिहायचं आहे ती माझी पेशंट नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हती.

लॅबसमोर हमीदभाईंचा फळांचा गाडा. रमजानच्या महिन्यात त्या गाड्यावर टरबूज-खरबुजांची कोरलेली फुलं मांडलेली असत. एकदा मी एक हातात घेऊन पाहिलं. पाकळीची कड इतकी पातळ होती की उन्हात पलीकडचं दिसावं. विचारलं, कुणी केलं? हमीदभाई म्हणाले, "आमची नाझनीन. तिला येवढंच येतंय अप्पा. अभ्यासाच्या नावानं बोंब."

त्या वर्षी नाझनीन बारावीला बसली आणि फिजिक्समध्ये राहिली. पुरवणी परीक्षेत पुन्हा राहिली. घरात तोंड दाखवायला नको म्हणून ती दिवसभर गाड्यामागे बसून असायची. हमीदभाई एक दिवस माझ्याकडे आले. "अप्पा, पोरगी बोलंनाशी झालीय. तुमी कायतरी सांगा." मी काय सांगणार? माझी दहावीच्या गणिताशी तीनदा गाठ पडली होती आणि तिन्ही वेळा गणित जिंकलं होतं. मी तिच्या हातात मेणाचा ठोकळा आणि कोरणी दिली आणि म्हणालो, "ही दाढ बघ, अशी कर."

महिन्याभरात ती माझ्या धंद्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या कामाइतकं चांगलं कोरू लागली. एकच दोष होता. वरच्या दाढेचा मागचा उंचवटा तिच्या हातून नेहमी लहान व्हायचा. मी मनातल्या मनात हिशेब मांडला, की आपल्यामागे लॅब हिच्याकडे द्यावी. एक दिवस बोलूनही दाखवलं. ती खाली बघून कोरत राहिली आणि म्हणाली, "अप्पा, रागवू नका. मला नुसते दात न्हाई करायचे. मला त्वांडात बघायचंय. डॉक्टर व्हायचंय."

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण राग तिचा नव्हता. इतकी वर्षं मागच्या दारात उभं राहून मला जे म्हणता आलं नाही ते या दोनदा नापास पोरीनं सहज म्हटलं होतं.

पुढच्या वर्षी तिचं फिजिक्स एकदाचं निघालं. नीटमध्ये पात्र ठरण्यापुरते गुण मिळाले, इथली सरकारी जागा मिळण्याइतके नाहीत. मग कुणीतरी परदेशाचं नाव काढलं. जॉर्जिया नावाचा एक देश आहे, तिथं दंतवैद्यक इंग्रजीत शिकवतात, आणि तिथल्या एका कॉलेजात गुणांबरोबर हातही बघतात, असं कळलं. पैसा कसा उभा राहिला ती कहाणी तिच्या बापाची आहे, ती मी सांगणार नाही. कॉलेजनं तीन गोष्टी मागितल्या होत्या. गुणपत्रिका, गुण कमी का आहेत याचा खुलासा, आणि हातानं केलेल्या पाच वस्तूंचे फोटो. त्यानंतर व्हिडिओवर मुलाखत.

खुलाशावरून पहिला पेच पडला. शहरातल्या एका सल्लागारानं सांगितलं, आजारी होते म्हणून लिही, सर्टिफिकेट मी मिळवून देतो. हमीदभाई तयार होते. मीसुद्धा मान हलवली. नाझनीन म्हणाली, "मी आजारी कवा हुते? मला फिजिक्स येत न्हवतं." आणि तिनं तेच लिहिलं. पहिल्यांदा काहीच कळलं नाही, दुसऱ्यांदा पाठ केलं तरी जमलं नाही, तिसऱ्यांदा समजायला लागलं. मला हळू कळतं, पण एकदा कळलं की जात नाही. एवढाच खुलासा. तिनं तो मला वाचून दाखवला तेव्हा माझा ऊर भरून आला. आणि तरी पुढचा घोळ मीच घातला, हे आज कबूल करतो.

फोटोंसाठी तिनं मेणाचे पाच दात कोरले. चार अगदी देखणे. पाचवी वरची दाढ, आणि तिचा मागचा उंचवटा नेहमीसारखा लहान. शेजारचा स्टुडिओवाला फोटो काढायला यायचा होता. नाझनीन काळ्या कापडावर पाचही दात मांडून गुणपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला गेली. मी त्या दाढेकडे बघत बसलो. गुण कमी, त्यात दाढही कमी. एवढ्याशा उंचवट्यापायी पोरीचं दार बंद होईल, या विचारानं मला राहवेना. कपाटात माझी जुनी, सरावाची, बिनचूक दाढ होती. ती काढून कापडावर ठेवली आणि तिची दाढ वरच्या फळीवर सारून दिली. स्टुडिओवाला आला, फोटो काढले आणि परस्पर आपल्या कॉम्प्युटरवरून पाठवूनही दिले. नाझनीन परत येईपर्यंत मी पाचही दात डब्यात भरून ठेवले होते.

मुलाखत मे महिन्यातल्या एका दुपारी होती. लॅबमधल्याच टेबलावर लॅपटॉप मांडला, पंखा तिच्याकडे वळवला. हमीदभाई दारात उभे, ओठ हलत होते, दुवा म्हणत असावेत. मी कोपऱ्यात स्टुलावर. पडद्यावर दोघं होते, एक पांढऱ्या केसांच्या मॅडम आणि एक तरुण प्राध्यापक. मला इंग्रजी बेताचंच कळतं. नाझनीननं नंतर जे सांगितलं त्यावरून लिहितो.

मॅडमनी खुलाशाबद्दल दोन प्रश्न विचारले, तिनं अडखळत उत्तरं दिली. मग मॅडमनी पाच दातांचा फोटो पडद्यावर आणला आणि पाचवी दाढ मोठी केली. मोठी, अजून मोठी, पार पडदाभर. दाढेच्या बुडाशी तीन बारीक आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"या रेघा कसल्या आहेत?"

इतक्या वर्षांत ज्या रेघा कुणा डॉक्टरला दिसल्या नव्हत्या त्या या बाईंना हजारो मैलांवरून दिसल्या. नाझनीन पुढे वाकली. मग मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी प्लास्टरच्या वाडग्यात बघत होतो.

ती गप्प राहिली असती, किंवा "डिझाइन आहे" म्हणाली असती, तर कुणाला काय कळणार होतं? ती म्हणाली, "ही दाढ माझी नाही. ही माझ्या उस्तादांची आहे. ते त्यांच्या प्रत्येक कामावर अशा तीन रेघा ओढतात. ही इथं कशी आली, मला माहीत नाही."

मॅडमनी विचारलं, मग तुझी कुठे आहे? आता मी उठलो, वरच्या फळीवरून तिची दाढ काढून दिली. काढून दिली म्हणजे काय, पत्र्याखाली मेच्या उन्हात मेणाचा नुसता गोळा झाला होता. सारी हयात मेणात घालवलेला माणूस, आणि मेण पत्र्याखाली ठेवतो! नाझनीननं तो गोळा कॅमेऱ्यापुढे धरला. तरुण प्राध्यापक हसले. मॅडम हसल्या नाहीत. नाझनीन म्हणाली, "मला वीस मिनिटं द्या. मी आत्ता करते."

त्यांनी दिली. लॅपटॉपची मान खाली वाकवून तिनं कॅमेरा हातांवर धरला आणि नवीन ठोकळा घेतला. गाड्यावर कुणी टरबूज मागत होतं, पण हमीदभाई जागचे हलले नाहीत. मी तिचे हात बघत होतो. कोरणी मेणात शिरली. चार उंचवटे वर आले, ओहोळ उतरले. मागचा उंचवटा परत लहान झाला. तिनं दाढ कॅमेऱ्यापुढे फिरवली. मॅडम म्हणाल्या, मागचा उंचवटा लहान आहे. नाझनीन म्हणाली, "हो. माझा हात तिथंच चुकतो. अजून सुटलेलं नाही."

मुलाखत संपली. हमीदभाईंना काहीच उलगडलं नव्हतं, ते माझ्याकडे बघत राहिले. नाझनीन उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"कावून केलं अप्पा?"

"तुजी दाढ कमी पडंल वाटलं गं."

"माजे मार्क कमी हायत, ते तर त्यांना म्हायतीच हाय. निदान दाढ तरी माजी पायजे हुती का न्हाई?"

मला रडू आलं. पोरीच्या बापादेखत, लॅबमध्ये, भर दुपारी मी रडलो आणि तिची माफी मागितली. ती पण रडली. हमीदभाईंनी काही न विचारता गाड्यावरचं टरबूज कापून आणलं आणि तिघांनी उभ्या उभ्या खाल्लं.

पंधरा दिवसांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. ते पत्र घेऊन हमीदभाई अख्ख्या बाजारात फिरून आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण नाझनीनचं नाव कुठल्या ओळीत आहे ते पाठ झालं होतं, आणि प्रत्येकाला ते बोट ठेवून दाखवत होते.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं वाटून घेऊ नका. नाझनीन नाझनीनच होती. तिथंही एका विषयात राहिली, परत बसली. बर्फात बाजरीच्या भाकरीची आठवण काढून फोनवर रडली. शिकून आली तर इथं चाळणी परीक्षा, बाहेरून शिकून आलेल्यांना ती द्यावीच लागते. पहिल्या खेपेला नापास. गावातल्या काही जणांना त्यात फार समाधान मिळालं, लॅबवर येऊन ते व्यक्तही करून गेले. मी त्यांना सांगायचो, "थांबा की. तिला हळू कळतं." दुसऱ्या खेपेला पास झाली. त्या वेळी बाजारात पेढे मी वाटले.

तिनं दवाखाना घाटनांदूरला टाकला. तोवर मी काम जवळपास बंद केलं होतं. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, आणि बोटांवरचा भरवसाही कमी झाला होता. तरी एक दिवस बसनं एक डबी आली. आत माप आणि छापील चिठ्ठी. वर "डॉ. नाझनीन" आणि खाली पेशंट, घाटनांदूरच्या एक वयस्क काकू, संपूर्ण कवळी. मी नवस फेडावा तसं ते काम केलं. चकाकी तीनदा आणली, तीन रेघा ओढल्या आणि पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी डबी परत आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "उजवीकडे चावा उंच. पुन्हा करावे."

आयुष्यात माझं काम अनेकदा परत आलं आणि दर वेळी मी त्या डॉक्टरांचा उद्धार केला. आताही माझ्या तोंडून निघालंच, "काल दाढ कोरायला शिकली, आज मला शिकवती!" मग कवळी साच्यावर चढवली, मध्ये रंगीत कागद धरून दात एकमेकांवर आपटले. उजवीकडच्या दोन दाढांवर गडद ठिपके उमटले, म्हणजे त्या बाकीच्यांच्या आधी टेकत होत्या. पोरीचं बरोबर होतं. मी स्टुलावर बसलो आणि बायकोला हाक मारली. ती घाबरून आली. मी म्हणालो, "हे बघ, नाझनीननं माझं काम परत पाठवलं." ती म्हणाली, "मग हसताय कशाला?"

घासून भागलं असतं, पण मी कवळी नवी केली. आणि या वेळी बसनं पाठवली नाही, स्वतः घेऊन गेलो. सवयीनं दवाखान्याला वळसा घालून मागे गेलो, तर मागे दारच नव्हतं. पुढे आलो तशी नाझनीन उंबऱ्यातच उभी. "तिकडं कुटं गेलते अप्पा? आत या. हात धुवा."

मी हात धुतल्यावर तिनं मला खुर्चीशेजारी उभं केलं. खुर्चीत त्या काकू होत्या. नाझनीननं कवळी बसवली, चावून बघायला सांगितलं, आरसा आणि दिवा धरला आणि मला म्हणाली, "बघा."

मी वाकून पाहिलं. हिरडीवर टेकलेली ती गुलाबी कड, ओले, चकाकणारे दात, आणि त्यांच्यामागे हलणारी जिवंत जीभ. चाळीस वर्षं प्लास्टरच्या तोंडात दात बसवले, माणसाच्या तोंडात ते आतून असे दिसतात हे मला माहीत नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो असेन, कारण काकूंचा जबडा दुखायला लागला.

नाझनीननं त्यांना सांगितलं, "मावशी, तुमचे दात ह्यांनी केल्यात. अंबाजोगाईचे अप्पा. माजे उस्ताद." काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि दात एकमेकांवर दोनदा आपटून म्हणाल्या, "लई बेस झालंय बगा. आता भाकर खाते."

तोवर नाझनीननं गाल बाजूला करून शेवटच्या दाढेच्या मागे आरसा फिरवला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे वळली.

"अप्पा, रेघा न्हाईत."

"आता कशाला?" मी म्हणालो. "कुणी केलेत ते तू सांगितलंस की त्यांना."